पडद्याबाहेरचा हात

कापसाचा भाव चढत गेला तसा पुंजाराम पाटलाच्या घरातल्या बायकांचा पदर लांबत गेला. तिकडे अमेरिकेत गोऱ्यांचीच आपसात लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला पोचेना, आणि मुंबईचे दलाल अमरावतीत तळ ठोकून बसले होते. अकोटाकडच्या काळ्या जमिनीतल्या बोंडांना असा काही मान आला की कुणब्यांच्या घरात चांदीचे तांबे दिसू लागले. अगदी परवापरवापर्यंत पार्वताबाई, म्हणजे पुंजारामची बायको, स्वतः ओटी बांधून वेचणीला जात असे, बांधावर बसून भाकर खात असे, आणि वाटेने जाणाऱ्याला हाक मारून त्याच्या गावची खबर विचारत असे. आता तिच्या ओसरीला जाड पडदा लागला होता. देशमुखांच्या बायका गोषात राहतात, मग आपण कुठे कमी आहोत, असं तिचं म्हणणं. पुंजारामला हे सुचलं नसतं. त्याला कापसाखेरीज दुसरं काही सुचतच नसे. पडद्याची हौस सगळी पार्वताबाईची.

हौस करायला कोणाची ना नव्हती. पण त्या पावसाळ्यानंतर सून शकुनला तापाने धरलं, आणि हौसेला दुखणं भेटलं. एक दिवस बरी, दुसऱ्या दिवशी हुडहुडी भरायची, दातावर दात वाजायचे, मग अंग भाजायचं आणि मग घामाने लुगडं भिजायचं. गावच्या वैद्याचे काढे झाले, अंगारे झाले. पोरगी पहिलटकरीण, पोट नुकतं दिसू लागलेलं. दर तापाबरोबर ती अशी वाळत चालली होती की पोटाखेरीज तिच्या अंगावर काही उरलंच नाही. पार्वताबाई तोंडाने कडक बाई, पण पोरीच्या पोटावर हात ठेवून आत काही हलतं का ते दिवसातून कितीदा तरी बघायची. हललं की तिचा जीव भांड्यात पडायचा. सुईण स्पष्टच बोलली होती, ताप असाच येत राहिला तर मूल जाईल, आणि मुलाबरोबर आईही जाईल.

अमरावतीच्या सरकारी दवाखान्यातल्या गोऱ्या डॉक्टरकडे एक कडू पांढरी पूड आहे, तिने हा ताप मोडतो, असं अंजनगावच्या बाजारात कोणीतरी सांगितलं. पुंजारामने त्याच आठवड्यात छपराची दमणी जुंपली. दोन्ही तोंडांना पडदे सोडले. आत सासू आणि सून, बाहेर पुंजाराम आणि त्याचा मुलगा सूर्यभान.

अमरावतीला पोचल्यावर पडद्याच्या फटीतून पार्वताबाईने पाहिलं तर तिला वाटलं, सगळं वऱ्हाडच आजारी पडलंय. दवाखान्याच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. पूर्वी माणूस दुखणं अंगावर काढत असे; आता हातात पैसा आल्याबरोबर जो तो आपलं दुखणं घेऊन अमरावतीला निघाला होता. डॉक्टर मात्र एकच. तोच तुरुंगातले कैदी पाहणार, तोच पलटणीचे शिपाई पाहणार, बडनेऱ्याकडे आगगाडीचा रस्ता बांधणारे हजारो मजूर, तेही त्याच्याच गळ्यात. सकाळी तो ओसरीवर येऊन बसे, रांगेतली काही माणसं बघे, आणि ऊन वर चढलं की उठून जाई. उरलेल्यांनी दुसऱ्या दिवशी यावं. लोक रांगेत आपल्या जागी धोंडा ठेवून जेवायला जात, कोणी जोडा ठेवी, कोणी पागोटं. धोंडा कोणी सरकवला म्हणून रोज हाणामाऱ्या होत. मरणाच्या दारी टेकलेल्या म्हाताऱ्यालाही कोणी हातभर जागा देत नव्हतं, कारण मागचा प्रत्येक जण आपलं माणूस त्याहून जास्त आजारी आहे असं शपथेवर सांगत होता.

पुंजारामने कंपाउंडरला गाठलं. कंपाउंडर पुण्याकडचा, तुटक बोलणारा माणूस. त्याने सांगितलं की रांगेत बसायचं असेल तर रोज बसता येईल. गोषातल्या बायकांची सोय वेगळी. त्यांच्या गाड्या शुक्रवारी भिंतीकडेने लावायच्या. साहेब स्वतः गाडीपाशी येतात, बाईने पडद्यातून हात बाहेर द्यायचा, साहेब नाडी बघतात. बोलायचं ते पुरुषांनी. पुंजारामने तिथल्या तिथे तापाची, पोटाची सगळी हकिकत सांगून टाकली आणि कंपाउंडरने ती लक्षात ठेवतो म्हणून मान हलवली. तो दिवस शनिवारचा होता.

सूर्यभानला हे पटलं नाही. शुक्रवार येईपर्यंत तीन हुडहुड्या येऊन जातील, त्यापेक्षा उद्याच शकुनला रांगेत बसवू, असं तो गाडीपाशी येऊन हळूच म्हणाला. पदर घेऊन बसन थे, असंही म्हणाला. पार्वताबाईने आतूनच त्याला झापलं. पाटलाची सून मजुरांच्या मांडीला मांडी लावून बसन? लोकं काय म्हनतीन? सूर्यभान गप्प झाला. आईपुढे गप्प होण्याची त्याला लहानपणापासून सवय होती.

त्यांनी चिंचेखाली गाडी सोडली. रोज सकाळी पार्वताबाई फटीतून रांग बघे. डोक्यावर भारे वाहणाऱ्या बायका, कडेवर पोरं घेतलेल्या माळिणी येत. कोणी दोन दिवस बसे, कोणी तीन, पण एकदा साहेबांपुढे जाऊन हातात पुडी घेऊन परत जाई. तिच्या मनात एकदा येऊन गेलं की सूर्या म्हणत होता ते खरं होतं. पण आता पडदा वर करायचा म्हणजे आजवरचा पडदा खोटा ठरायचा. तिने विषय मनातच दाबला.

संध्याकाळी पुंजाराम कापसाच्या बाजारातून फिरून येई आणि तिथल्या गमती सांगत बसे. त्या बाजारात भाव तोंडाने ठरत नसे. घेणारा आणि देणारा हातावर रुमाल टाकत आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव करत, म्हणजे शेजाऱ्याला कळू नये. अकोटाचा एक ओळखीचा शेतकरी जेवायला गेला होता, तेवढ्यात दलाल आला. पुंजारामने त्याच्या वतीने आपला हात रुमालाखाली घातला आणि सौदा करून टाकला. परत आल्यावर त्या माणसाने बिनतक्रार गाडी खाली केली. हे सांगताना पुंजारामला फार हसू येत होतं. "रुमालाखालच्या हाताले नाव नसते," तो म्हणाला. पार्वताबाईही हसली.

पहिला शुक्रवार आला. गाड्या भिंतीकडेने लागल्या. पुढे बाळापूरची एक दमणी होती, तिच्यातली बाई नेमकी त्याच वेळी झाडीकडे गेली होती. साहेब पडद्यापाशी थांबले, हात आला नाही, ते पुढच्या गाडीकडे गेले. बाई धावत परत आली तेव्हा कंपाउंडरने तिला पुढच्या शुक्रवारी या म्हणून सांगितलं. ती बाई गाडीचं चाक धरून रडली. साहेब पुंजारामच्या गाडीपर्यंत यायचेच होते, एवढ्यात बडनेऱ्याहून घोडेस्वार आला. मजुरांच्या वस्तीत पटकीची साथ सुरू झाली होती. साहेब हात धुऊन तसेच घोड्यावर बसून निघून गेले. पुढचा सबंध आठवडा दवाखान्यात साहेब नव्हतेच.

त्या आठवड्यात शकुनने अन्न सोडलं. डोळे खोल गेले, ओठ काळे पडले. पार्वताबाई तिच्या तोंडात चमच्याने पेज घालायची आणि ती गालातून बाहेर यायची. पोटावर हात ठेवला की आतली हालचाल लागायला फार वेळ लागू लागला. एकदा तर लागलीच नाही, आणि पार्वताबाई थिजून बसून राहिली. कितीतरी वेळाने हाताखाली काहीतरी सरकलं, तेव्हा तिने श्वास सोडला. हा शुक्रवार चुकला तर पुढचा ही पोरगी बघणार नाही, हे तिला आता कोणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या शुक्रवारी साहेब आले. गाड्या पुन्हा भिंतीकडेने लागल्या. बैलांपाशी पुंजाराम आणि सूर्यभान पाठ करून उभे राहिले, कारण आपल्या बाईचा हात परका माणूस धरतो ते बघत उभं राहायचं नसतं. आत शकुनला सकाळपासूनच हुडहुडी भरली होती. दोन्ही हात पोटाशी आवळून, गुडघे हनुवटीला लावून ती पडली होती. सगळी गाडी तिच्याबरोबर थरथरत होती.

बाहेर बुटांचा आवाज थांबला. कंपाउंडर म्हणाला, हात द्या. पार्वताबाईने शकुनचं मनगट धरून ओढलं, पण पोरीने हात अधिकच आवळले. तिला कुठे आहोत याचं भान नव्हतं. पार्वताबाईने दोन्ही हातांनी जोर लावला, बांगडी फुटली, हात काही सुटेना. "बाई, साहेबांना वेळ नाही," कंपाउंडर म्हणाला. "पुढच्या शुक्रवारी या." आणि बूट वळल्याचं तिला ऐकू आलं.

पार्वताबाईने विचार केला म्हणण्यापेक्षा तिच्या हाताने केला. दुखणं तर सांगून झालंच होतं, पूड तर ठरलेलीच होती, राहिला तो नुसता हात. तिने आपला डावा हात पडद्याबाहेर काढला.

बूट परत वळले. थंड बोटांनी तिची नाडी धरली. ती आत श्वास रोखून बसली. आपली नाडी फार धडधाकट लागेल की काय एवढीच तिला भीती. पण बोटं नाडीवरून लवकरच उठली. त्यांनी तिचा हात उलटा केला, सुलटा केला. तिची करंगळी सरळ करून बघितली. ती काही दिवसांपासून जराशी वाकली होती, कामाने वाकली असेल असं ती समजत होती. मग ती बोटं कोपरापर्यंत वर गेली आणि तिथली एक शीर दाबत राहिली. साहेब काहीतरी इंग्रजीत बोलले. नाडी बघायला इतका वेळ लागतो हे तिला माहीत नव्हतं.

"बाई, टोचलं की सांगा," कंपाउंडर म्हणाला.

ती टोचायची वाट पाहत बसली. गोषातल्या बाईने ओरडायचं नसतं, म्हणून तिने पदराचा बोळा दातात धरून ठेवला. बराच वेळ गेला. काही टोचलं नाही. मग हात सोडून दिल्यासारखा वाटला, म्हणून तिने तो आत घेतला.

हाताच्या पाठीवर, गेल्या हंगामापासून जो फिकट डाग होता त्याच्यावर, रक्ताचे थेंब उभे होते. एक नाही, पाच-सहा. ती बघतच राहिली. तिने बोटाने एक थेंब पुसला; दुसरा आला. सुई मांसात गेली होती आणि तिला कळलं नव्हतं. तिने डागावर नख रोवलं. काहीच नाही. जणू हात दुसऱ्याच कोणाचा तिच्या मांडीवर येऊन पडला होता. चुलीवरचं भांडं मी नुसत्या हाताने उतरवते म्हणून ती सुनेपुढे तोरा मिरवायची, ते तिला आठवलं.

बाहेर कंपाउंडर पुंजारामला सांगत होता. त्याचा आवाज चढा होता. आवारातल्या गलक्यात त्याला तशीच सवय होती.

"तापाचं राहू द्या, पाटील. या बाईंना महारोग आहे. बऱ्याच दिवसांचा आहे. साहेब म्हणतात, याला इथे औषध नाही. ताटवाटी वेगळी ठेवा, अंथरूण वेगळं ठेवा, मूल झालं तर आईजवळ देऊ नका."

गलका एकदम थांबला. पुंजारामने काहीतरी पुन्हा विचारलं, रक्तपिती का, असं. कंपाउंडर हो म्हणाला. मग बूट ओसरीच्या पायऱ्या चढून गेले.

पार्वताबाईला हे सगळं ऐकू आलं आणि तरी डोक्यात शिरेना. महारोग म्हणजे गावाबाहेर, नाल्यापलीकडच्या झोपडीत, जिथे भाकर लांबून फेकतात. तिनेही फेकली होती. मग पुंजाराम बोलला, आणि त्याचा आवाज अगदी बेताचा होता, बाजारात बोलतो तसा.

"इथूनच अंजनगावले नेऊन घाला तिले. बापाच्या दारात उतरवून द्या. आपल्या उंबरठ्याच्या आत नाई आनाची."

पार्वताबाईला वाटलं आता सूर्या काही बोलेल. दोन आठवडे तो बायकोच्या पाण्यासाठी विहिरीला खेपा घालत होता. तिचा ताप चढला की गाडीच्या चाकाला टेकून बसून राहत होता, उठत नव्हता. तो आता बापाशी भांडेल, नाहीतर रडेल, असं तिला वाटलं.

"बाबा," सूर्यभान म्हणाला, "गाडीतली माही घोंगडी काढून घेऊ का?"

तिने तोंडावर हात दाबला. हा आपल्या पोटचा पोरगा, याला आपण वाढवला, आणि याला घोंगडी सुचली. पण त्याच्याहून मोठा धक्का तिला स्वतःचाच बसला. कारण एवढं सगळं ऐकूनही ती गप्प होती. आणि त्या गप्प राहण्यात एक विचार हळूच येऊन बसला होता, की कोणाला माहीत नाही. हात पडद्यातून गेला होता. पोरगी तशीही जायलाच टेकली आहे, माहेरी जाईल, तिथे मरेल. आणि आपण आपल्या घरी, आपल्या चुलीपाशी जाऊ. डाग पदराखाली झाकता येईल. हा विचार तिला आवडला, क्षणभर नाही, चांगला दोनतीन श्वास आवडला. आपण अशा आहोत हे तिला आजवर माहीत नव्हतं.

शकुनची हुडहुडी ओसरत आली होती. तिने डोळे उघडले. तिने काय ऐकलं, काय नाही, कळायला मार्ग नव्हता. ती सासूच्या मांडीवरच्या हाताकडे बघत होती.

"आत्याबाई," ती कसंबसं म्हणाली, "रगत निंगून राह्यलं तुमच्या हातातून." आणि तिने आपल्या पदराचं टोक उचलून ते पुसायला हात पुढे केला.

पार्वताबाईने हात झटकन मागे ओढला, विस्तवावरून ओढावा तसा. "शिवू नको," ती म्हणाली. मग तिने पडदा धरला आणि एवढ्या जोराने ओढला की तो दोरीसकट खाली आला. उजेड आत शिरला. समोर सगळं आवार उभं होतं, आणि पाटलीणबाई डोक्यावरचा पदर खांद्यावर पडलेला असताना गाडीतून खाली उतरली.

"तो हात माहा होता," ती म्हणाली. "शकुनचा नाई. तिचा हात सुटला नाई म्हनून मी माहा देल्ला. रोग माह्या अंगात हाये."

पुंजारामचा चेहरा आधी रागाने तांबडा झाला, बायको चारचौघांत उघड्या तोंडाने उभी आहे म्हणून. तिला आत जा म्हणून सांगत तो एक पाऊल पुढे आला. तिने हात वर करून त्याला रक्त दाखवलं. तेव्हा तिच्या बोलण्याचा अर्थ त्याच्या डोक्यात शिरला, आणि तो ते पाऊल मागे गेला. सूर्यभान आईकडे बघत होता, तोंड उघडं, हातात घोंगडी. "माय," असं म्हणून तो थांबला. तो पुढे आला नाही.

मग मागची माणसंही सरकली. आधी जवळची, मग त्यांच्या मागची. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. बायांनी पोरं ओढून घेतली. ओसरीपर्यंत दाटून बसलेली रांग, जी दोन आठवड्यांत कोणासाठी बोटभर हलली नव्हती, ती मधोमध फाटली. लोक आपले धोंडे, जोडे, पागोटी तिथेच सोडून दोन बाजूंना गेले. गाडीपासून साहेबांच्या दारापर्यंत सरळ मोकळी वाट पडली.

पार्वताबाई त्या वाटेकडे बघत उभी राहिली. तिला रडू येत होतं आणि ते येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. आजपर्यंत अशी वाट तिला कोणी दिली नव्हती, कापूस विकला गेला तेव्हाही नाही. ती गाडीकडे वळली.

"शकुन, उतर. मले शिवू नको. गाडीले धरून उतर, आन माह्या मांगून ये."

शकुन उतरली. तिचे पाय लटपटत होते. सूर्यभान आधार द्यायला पुढे आला नाही, म्हणून तिने एका हाताने जू धरलं आणि एक हात पोटाखाली ठेवला. पार्वताबाई तिच्या पुढे चालू लागली, हळूहळू, पोरीला झेपेल तसं, रक्ताळलेला हात सगळ्यांना दिसेल असा समोर धरून. कोणी पुन्हा मध्ये येऊ लागलं की ती तो हात त्याच्याकडे करी आणि तो बाजूला होई. दोनदा शकुन थांबली तेव्हा तीही थांबली. मागे वळून पाहिलं तर तिच्या मागे फक्त शकुन होती; बापलेक गाडीपाशीच उभे होते.

पायऱ्यांवरचा चपराशी काठी आडवी करायला गेला आणि तिला बघून भिंतीला चिकटला. आत साहेब कागदावर काही लिहीत होते. कंपाउंडरने तिला ओळखलं नाही; त्याने तिचा फक्त हात पाहिला होता. तो त्याने आता ओळखला.

पार्वताबाई दाराच्या बाहेरच थांबली आणि एका अंगाला सरली, म्हणजे पोरीला आत जायला जागा होईल.

"दुखनं हिचं हाये," ती म्हणाली. "हिचं तोंड पाहा, साहेब. ताप पाहा, पोट पाहा, सगळं पाहा."

शकुन उंबरठा ओलांडून आत गेली. साहेबांनी लेखणी ठेवली आणि तिला बसायला स्टूल पुढे केलं.